सामुराईत १.९ टीडीआय बसवलं, चालू होऊन लगेच बंद पडतंय. मदत हवी आहे

अर्धवट_गॅरेज
नमस्कार मंडळी, जुन्या सुझुकी सामुराई जीपमध्ये फोक्सवॅगन घराण्यातल्या कारचं १.९ टीडीआय, म्हणजे टर्बो डिझेल इंजिन बसवलंय. अडॅप्टर प्लेट, क्लच, माउंट, रेडिएटर सगळं झालं. सेल्फ मारला की एका झटक्यात चालू होतं, आवाज पण मस्त, आणि दोन सेकंदात बंद. परत मारा, परत तेच. टाकीत डिझेल आहे, बॅटरी नवी आहे, तेवढं तरी विचारू नका. चार रविवार यातच गेलेत, घरात कोणी बोलत नाहीये माझ्याशी. कोणाला माहीत असेल तर लवकर सांगा. आणि "डिझेल टाकायचंच कशाला" वाल्यांनी प्लीज लांब राहा.

चिखल्या
१.९ टीडीआय म्हणजे कुठलं रे भाऊ, ते एक इंजिन नाही, खानदान आहे. टायमिंग बेल्टच्या कव्हरवर स्टिकर असतो, त्यावर तीन अक्षरी कोड असेल तो टाक, मग बोलू.

टर्बोतात्या
एअर घेतंय. डोळे मिटून सांगतो. माझ्या सीरीज लँड रोव्हरमध्ये मी डिस्कव्हरीचं टू हंड्रेड टीडीआय टाकलं तेव्हा हेच झालं होतं, आठवडाभर पंपावर संशय घेतला आणि शेवटी टाकीतल्या पिकअप पाइपला केसाएवढी चीर निघाली. ती ओढायची बाजू असते, तिथून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते, म्हणून दिसत नाही काही. फिल्टर ते पंप पारदर्शक पाइप लाव आणि बुडबुडे बघ.

अर्धवट_गॅरेज
तात्या, पारदर्शकच आहे पाइप, एक बुडबुडा नाही. टाकी पण धुवून घेतली, रिटर्न लाइन पण टाकली. कोड एएलएच आहे.

पेट्रोलच_बरं
लांब राहायला सांगितलंय तरी बोलतो :) मूळचं १.३ पेट्रोल हलकं असतं म्हणूनच ती गाडी चिखलावरून तरंगत जाते. पुढे लोखंडाचा गोळा ठेवायचा, मग पाटे बदलायचे, मग शॉक, मग एक्सल मोडला म्हणून रडायचं.

टर्बोतात्या
एएलएच घेतलंस तिथेच चुकलं बघ. कॉम्प्युटरवालं इंजिन चिखलात नेऊ नये. टू हंड्रेडला काय लागतं, पंपाच्या स्टॉप सोलेनॉइडला, म्हणजे डिझेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या व्हॉल्व्हला, १२ व्होल्टची एक वायर. एक! ती दिली की चालू, काढली की बंद. २.५ लिटर, मेकॅनिकल पंप, गुडघाभर पाण्यातून गेलं तरी त्याला फरक पडत नाही.

चिखल्या
अहो तात्या, टू हंड्रेड सामुराईच्या बॉनेटखाली मावेल तरी का? दरवेळी तेच इंजिन.

वायरमन
मूळ प्रश्नावर येतो. अर्धवटभाऊ, चार गोष्टी सांगा. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्याच गाडीचा आहे का? वायरिंग अख्खं आणलं की कापून? मीटर आणि किल्ली कुठली वापरताय? आणि बंद पडतं ते दरवेळी तेवढ्याच सेकंदांत, की कधी दोन, कधी दहा?

अर्धवट_गॅरेज
ईसीयू त्याच गाडीचा. वायरिंग इंजिनाचं पूर्ण आणलं, डॅशबोर्डचं कशाला आणू, मला सामुराईचंच मीटर ठेवायचंय. ॲक्सिलरेटरचं पेडल पण तिचंच आणून बसवलं, ते इलेक्ट्रॉनिक असतं हे वाचलं होतं. किल्ली सामुराईचीच, इग्निशनची लाइन ईसीयूला दिली झालं. आणि हो, दरवेळी अगदी तेवढ्याच वेळात बंद, घड्याळ लावून घ्या.

वायरमन
मग सापडलं. इमोबिलायझर आहे तो, चोरी रोखणारं कुलूप. एअर घेत असेल तर इंजिन अडखळत, खोकत बंद पडतं, आणि वेळ कमीजास्त होते. घड्याळ लावल्यासारखं बंद होतंय म्हणजे कोणीतरी मुद्दाम बंद करतंय. गोल्फ ४ पिढीच्या गाड्यांत इमोबिलायझर मीटरच्या आतच असतो. किल्लीतली चिप मीटर ओळखतं, मीटर ईसीयूला सांगतं की घरचा माणूस आहे, चालू दे. तुम्ही मीटरच भंगारात सोडून आलात, ईसीयू बिचारा दोन सेकंद वाट बघतो आणि डिझेल तोडतो. गाडीच्या ओबीडी सॉकेटला फॉल्ट वाचणारा स्कॅनर लावा, १७९७८ हा फॉल्ट दिसला की वाद मिटला.

पाना_तेरा
स्कॅनर कशाला, पंपावरच्या सोलेनॉइडला डायरेक्ट बारा व्होल्ट द्या ना, तात्या म्हणतात तसं.

वायरमन
एएलएचला तेवढ्याने काही होणार नाही. या पंपात डिझेल किती सोडायचं ते आतला ॲडजस्टर ठरवतो आणि त्याला ईसीयूच चालवतो. सोलेनॉइड उघडा ठेवला तरी ईसीयूने शून्य म्हटलं की शून्य.

टर्बोतात्या
म्हणूनच म्हणतो पंप बदल! मेकॅनिकल पंप लाव या टीडीआयला, लोक लावतात, ईसीयू भंगारात दे.

वायरमन
लावतात, मी पण लावलाय एकाला. पण सरळ उचलून बसवला असं नसतं ते, हेड एका पंपाचं, गव्हर्नर दुसऱ्याचा, आणि ट्यून नीट जमलं नाही तर काळा धूर नाहीतर मेलेला पिकअप. चालू स्थितीतला ईसीयू हातात असताना एवढा उपद्व्याप कशाला?

लो_रेंज
विषय वेगळा आहे पण विचारतो. ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम कुठून घेतलाय? पेट्रोलला थ्रॉटलमुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, डिझेलला थ्रॉटल नाही म्हणून व्हॅक्यूमही नाही, वेगळा पंप लागतो. एएलएचला तो हेडच्या मागच्या टोकाला कॅमवर असतो.

चिखल्या
आधी चालू तर होऊ दे राव, ब्रेकचं नंतर. मला गिअरिंगची जास्त काळजी आहे. सामुराईच्या ट्रान्सफर केसची (फोर बाय फोरच्या दुसऱ्या गिअरबॉक्सची) हाय रेंज सरळ १:१ नाही, १.४०९ आहे. त्यात पाचवा गिअर आणि ३.७२७ चा एक्सल धरला तर मूळ २०५/७० आर १५ टायरवर ८० च्या स्पीडला २९०० च्या आसपास आरपीएम पडतात. पेट्रोल ते सहज खेचतं. डिझेल चार हजारला दमतं, म्हणजे ११० च्या पुढे विसरा.

पाना_तेरा
मोठे टायर टाका मग. ३१ इंची. सगळे प्रश्न सुटतात.

पेट्रोलच_बरं
आणि एक्सल कोण बदलणार? एएलएचचा टॉर्क २१० एनएम, मूळ इंजिनाच्या जवळपास दुप्पट. त्यात मोठे टायर आणि लो रेंज. पुढचे जॉइंट शेंगदाण्यासारखे फुटतील.

चिखल्या
पाय जपून वापरला तर नाही फुटत. उलट डिझेलला लोमध्ये रेस करावीच लागत नाही, आयडलवर चढतं. पेट्रोलवाले चढावर चाकं फिरवत बसतात, तुटतं त्यांचंच जास्त.

पेट्रोलच_बरं
हो का, मागच्या ट्रिपला दोरीने कोणी कोणाला ओढलं होतं ते सांगू का इथे?

चिखल्या
ती दोरी तुझी होती, गाडी माझी ओढत होती.

लो_रेंज
ब्रेकचं कोणी उत्तर देत नाहीये.

अर्धवट_गॅरेज
मंडळी, मित्राचा स्कॅनर आणला. १७९७८ च आला!! वायरमनभाऊ तुमचे पाय कुठे आहेत. आता काय करू? ती गाडी अजून भंगारवाल्याच्या अंगणात उभी आहे.

वायरमन
पळत जा आणि मीटर, किल्ली आणि इग्निशन लॉकभोवती असलेली रिंग, म्हणजे अँटेना, तिन्ही घेऊन या. त्याच गाडीचं हवं, दुसऱ्या गाडीचं मीटर तुमच्या ईसीयूला ओळखणार नाही. डॅशबोर्डच्या आत कुठेतरी बांधून टाका, दिसलं नाही तरी चालेल. जमलंच नाही तर गाडीचे कागद दाखवून माहितगार माणसाकडून ईसीयूमधून इमोबिलायझर काढून घेता येतो. मीटर मिळालं तर बरं, त्यात इंजिनाच्या हीटर प्लगचा दिवा आणि टेम्परेचर फुकट मिळतं. सामुराईचा आरपीएम काटा तसाही आता मेला, तो इग्निशन कॉइलवरून सिग्नल घ्यायचा आणि डिझेलला कॉइलच नाही.

टर्बोतात्या
टू हंड्रेडला किल्लीत चिप नसते.

अर्धवट_गॅरेज
मीटर मिळालं, किल्ली पण मिळाली, ती भंगारवाल्याच्या टेबलाच्या खणात होती! रिंगमध्ये किल्ली टेपने चिकटवली, सेल्फ मारला, आणि वीस मिनिटं चालू आहे!!! बंदच करावंसं वाटेना. सगळ्यांचे आभार, वायरमनभाऊंचे डबल. काल गल्लीत एक चक्कर मारली. दोन बारीक गोष्टी: ब्रेक दगडासारखा झालाय, दोन पायांनी दाबावा लागतो. आणि जोरच नाहीये, टर्बो असल्यासारखं वाटतच नाही. टर्बो गेला असेल का?

लो_रेंज
व्हॅक्यूम पंप कुठे आहे?

अर्धवट_गॅरेज
तो मागे फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, लागत होता. फायरवॉल कापायची नव्हती म्हणून काढला आणि तिथे पट्टी मारून बंद केलं. ऑइल गळत नाहीये.

लो_रेंज
टर्बो ठीक आहे. एएलएचच्या टर्बोतली पाती व्हॅक्यूमवरच हलतात, व्हॅक्यूम नाही तर पाती उघडीच राहतात आणि बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, बनत नाही. ब्रेक आणि पिकअप, दोन्ही एकाच पट्टीने गेलेत. फायरवॉलला वाटीएवढा खड्डा ठोकून पंप परत बसवा, नाहीतर इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप लावा. तोवर गल्लीतसुद्धा काढू नका गाडी, दोन पायांनी ब्रेक दाबायला लागला तर क्लच कोण दाबणार?

चिखल्या
वर "ब्रेकचं नंतर" म्हणालो होतो तो मीच. चुकलं, लो_रेंज.

अर्धवट_गॅरेज
पंप खोक्यात आहे, आणतो हातोडा.

टर्बोतात्या
टू हंड्रेडचा व्हॅक्यूम पंप ब्लॉकच्या बाजूला असतो, फायरवॉलच्या आसपासही नाही. सहज सांगतो.