शब्दचर्चा : 'केमसेक्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : आरोग्यपत्रकाच्या मसुद्यात 'केमसेक्स'साठी 'नशेतला संभोग' असं लिहिलंय. चालेल का? शिवाय 'पेप' (एचआयव्हीच्या संपर्कानंतर घ्यायचं औषध) आणि 'प्रेप' (संपर्काआधीच घ्यायचं औषध) दोन्हींना 'प्रतिबंधक गोळी' म्हटलंय.

— नाही चालणार. दारू पिऊन केलेला संभोगही नशेतलाच. केमसेक्स म्हणजे प्रामुख्याने समलिंगी-उभयलिंगी पुरुषांमध्ये, संभोग लांबवायला किंवा भीड मोडायला ठरावीक द्रव्यं घेणं : मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ, जीएचबी किंवा जीबीएल (या दोन्हींना 'जी' म्हणतात). शब्द लंडनचा, तो रूढ करण्याचं श्रेय लैंगिक आरोग्य कार्यकर्ते डेव्हिड स्टुअर्ट यांना दिलं जातं. आपल्याकडे डेटिंग अ‍ॅपवर 'हाय फन' लिहितात. मथळ्यात दोन्ही शब्द ठेवा, नाहीतर ज्याच्यासाठी पत्रक छापलंय त्याला ते आपलं वाटणारच नाही.

— 'एमडी'चाही खुलासा हवा. आपल्या बातम्यांत एमडी म्हणजे मेफेड्रोन, म्याव म्याव. परदेशात राहणारा त्यातून एमडीएमए (एक्स्टसी) समजेल. द्रव्यं वेगळी. मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो, म्हणून ते रात्रभर पुन्हापुन्हा घेतलं जातं. डॉक्टरांना पूर्ण नाव सांगावं.

— पेप-प्रेपसाठी 'नंतरची गोळी' आणि 'आधीची गोळी' कसं वाटतं?

— 'नंतरची गोळी' म्हटलं की लोकांना गर्भनिरोधक आठवतं. 'पेप : एचआयव्हीच्या संपर्कानंतरचं औषध' असंच लिहा. 'तीन दिवसांत' नको, '72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं' हवं; 'तीन दिवस' वाचून माणूस तिसऱ्या दिवसाची वाट बघतो. पार्टी दोन दिवस चालली तर तास संपर्काच्या क्षणापासून मोजायचे, पार्टी संपल्यापासून नव्हे. औषध 28 दिवस, मध्ये खंड नको.

— मसुद्यात 'सुया वाटू नका' आहे. ही चूक महागात पडेल! 'वाटणे' म्हणजे वितरण. स्वच्छ सुया वाटणं हे तर एचआयव्ही रोखण्याचं काम आहे. 'एकमेकांची सुई-सिरिंज वापरू नका' असं लिहा. पाणी, चमचा, कापूसही ज्याचा त्याचा. नाकाने ओढायची गुंडाळलेली नोटसुद्धा. तिला लागलेल्या रक्तातून हिपॅटायटिस सी पसरू शकतो. त्यावर लस नाही आणि प्रेपही तो रोखत नाही. 'प्रेप घेतली की सुरक्षित' हे वाक्य काढूनच टाका. एचआयव्हीपासून संरक्षण, एवढंच म्हणा.

— 'जी'च्या परिच्छेदातलं 'झोप लागली तर झोपू द्या' हे सगळ्यात घातक वाक्य. ती झोप नसून बेशुद्धी असू शकते. झिंग आणणारी आणि शुद्ध घालवणारी मात्रा यांत फरक फार थोडा, आणि दारू सोबत असेल तर श्वास थांबू शकतो. 'हलवून उठत नसेल तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, एकटं सोडू नका' असं लिहा. घोरणंही भलं लक्षण मानू नये.

— पॉपर्स (हुंगायची नायट्राइट द्रव्यं) आणि व्हायग्रा एकत्र घेऊ नयेत, रक्तदाब एकदम कोसळतो. ही ओळ ठळक हवी.

— 'गुप्तरोग' बदलून 'लैंगिक संसर्ग' करा. आणि 'लघवी तपासा' अपुरं आहे. घसा आणि गुदाशयातला गोनोरिया, क्लॅमिडिया लघवीत सापडत नाही, तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो. पत्रकात 'स्वॅब मागून घ्या' असं स्पष्ट लिहा.