राम सुतारांचं प्रदर्शन कसं लावायचं? (देवपूर, धुळे – सोसायटी ग्रुप)

सचिव: नमस्कार मंडळी. बैठकीत ठरल्याप्रमाणे शिल्पकार राम सुतारांच्या कामाचं छायाचित्र प्रदर्शन आधी आपल्या हॉलमध्ये, मग तेच फलक त्यांच्या गावी गोंदूरला, पुढे शिरपूर आणि नंदुरबारला न्यायचे. फ्लेक्सवाल्याचा दर आला आहे. मधोमध त्यांनी घडवलेल्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचा मोठा फोटो, बाकी बाजूला. कुणाला काही सुचवायचं असेल तर आजच सांगा.

ए-३०१ सर: सचिवसाहेब, सरदारांचा फोटो हवाच. पण मधोमध नको. तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. मुलं येतील, "केवढा मोठा!" म्हणतील आणि निघून जातील. तीस वर्षं चित्रकला शिकवली, म्हणून कळकळीने सांगतो, लोकांना हात दिसला पाहिजे. गोंदूरच्या सुताराच्या घरातला मुलगा तिथवर पोचला कसा, ते दिसलं पाहिजे.

सी-१०२: सर, आजींना तुमचा मेसेज वाचून दाखवला. त्या म्हणतात, "आपला गोंदूरना माणूस शे ना? मंग पहिले गोंदूर दखाडा."

ए-३०१ सर: आजींना नमस्कार सांगा, अगदी माझ्या मनातलं बोलल्या. पहिला फलक गोंदूरचाच. राम वंजी सुतार, जन्म १९ फेब्रुवारी १९२५. वडील सुतारकाम करायचे, म्हणजे रंधा, पटाशी, वाकस यांच्या आवाजातच लहानाचे मोठे झाले. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी त्यांचा हात ओळखला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तिथे १९५३ मध्ये मेयो पदक मिळालं. १९५४ ते १९५८ पुरातत्त्व खात्यात, अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीवर. या चार वर्षांना मी स्वतंत्र फलक देईन. जुन्या कारागिराने छिन्नी कुठे थांबवली, हे रोज जवळून बघायला मिळणं म्हणजे दुसरं जे. जे.च. त्यानंतर दिल्लीत माहिती व नभोवाणी मंत्रालयात नोकरी, आणि १९५९ मध्ये ती सोडून पूर्णवेळ शिल्पकाम.

बी-२०४ वहिनी: सर, नोकरी सोडली हे मोठ्या अक्षरात लिहा. आमच्या धाकट्याला कलेकडे जायचंय. महिनाभर जेवताना घरात तोच विषय आहे. त्याच्या बाबांना मी हा फलक हाताला धरून दाखवणार आहे.

ए-३०१ सर: वहिनी, त्यांना सोबत चंबळ देवीचा फलकही दाखवा. चंबळ नदीची ही देवीरूप मूर्ती त्यांनीच घडवली, मध्य प्रदेशात गांधीसागर धरणावर ती उभी आहे. ४५ फूट उंच, काँक्रीटमधून कोरून काढलेली. देवीजवळ दोन मुलं आहेत, मध्य प्रदेश आणि राजस्थान. नदीचं पाणी दोघांचं, म्हणून आई एक.

डी-००३: ४५ फूट म्हणजे आपली गच्चीच की!

ए-३०१ सर: म्हणूनच म्हणतो, पार्किंगमध्ये खडूने ४५ फूट आखू. एका टोकाला पाय, दुसऱ्या टोकाला डोकं. पोरांना त्या रेषेवरून चालू द्या. फोटोत जे कळत नाही ते पावलांना कळतं.

बी-४०१ (अकरावी): सर, सरदारांचा पुतळा १८२ मीटरच का? आणि एवढ्या उंचीवर चेहरा तसाच कसा आला?

ए-३०१ सर: गुजरात विधानसभेच्या १८२ जागा, त्यावरून १८२ मीटर. राहिली चेहऱ्याची गोष्ट. शिल्पकार आधी लहान नमुना करतो. आत लोखंडी सळ्यांचा सांगाडा, वर माती, मग त्यावरून प्लास्टरचा साचा. तिथे डोळ्याखालची सुरकुती जमली नाही, तर मोठ्या पुतळ्यात ती चूकही तेवढीच मोठी होते. सरदारांचा ३० फुटी नमुना मंजूर झाला. मग संगणकावर मोजमापं घेऊन उंची वाढवली. आत काँक्रीट-पोलाद, बाहेर कांस्याचे फलक. ३१ ऑक्टोबर २०१८ ला लोकार्पण झालं. तू त्या पुतळ्याचे पाय बघ. धोतर आणि साध्या चपला, म्हणजे खाली निमुळतं आणि वर रुंद. इंजिनिअरला पाया रुंद हवा असतो, पण शिल्पकाराला सरदार सरदारांसारखे उभे हवे होते.

डी-००३: सर, माझं ग्रिलचं वर्कशॉप आहे. सांगाडा मी वेल्डिंग करून देतो. दीड फुटी बसलेला माणूस, चालेल? सळई कितीची घेऊ?

ए-३०१ सर: भाऊ, फार मोठं काम होईल तुमच्याकडून. सहा एमएमची घ्या, हाताने वाकली पाहिजे. एक सांगाडा नुसता ठेवू, दुसऱ्यावर अर्धी माती चढवू. त्यामागे संसदेच्या आवारातल्या ध्यानस्थ गांधींच्या पुतळ्याचा फोटो. पुतळा १६ फुटी, १९९३ चा. तो पुतळा बघताना मला नेहमी पाठीचा कणा दिसतो. एवढा स्थिर बसलेला माणूस मातीतून काढणं सोपं नाही.

ए-१०३: सगळं छान, पण एक बोलते. मागे एका ठिकाणी असंच प्रदर्शन बघायला मुलांना घेऊन गेले होते. फोटो इंटरनेटवरून उचललेले, फुटलेले, आणि खाली शिल्पकाराचं नावच नाही. फक्त पुतळा कुणाचा ते. मला फार लागलं ते.

ए-३०१ सर: ताई, आपल्याकडे प्रत्येक फलकावर पहिली ओळ नावाची. फोटोंची रीतसर परवानगी मी पत्र लिहून मागतो. आली नाही तर तो फोटो लावायचा नाही, तिथे मुलं चित्र काढतील. गोंदूरचे फोटो रविवारी आपणच काढून आणू.

सचिव: मान्य. मोठा फ्लेक्स रद्द, त्या पैशात फोम बोर्ड. पद्मश्री १९९९ आणि पद्मभूषण २०१६ शेवटच्या फलकावर घेतो. खडूची रेष माझ्याकडे.

बी-२०४ वहिनी: गणपतीची शाडू उरलीय आमच्याकडे, दोन पोती असेल. धाकटा म्हणतो, अर्धी माती मी चढवू का, सरांना विचार.

ए-३०१ सर: त्यालाच चढवू दे. शनिवारी चारला हॉलमध्ये पाठवा. माती आदल्या रात्री भिजवून वर ओलं गोणपाट टाका.