सत्तरीनंतर 'वय वंदना' कार्ड मिळालं. मेडिक्लेम ठेवावा की सोडावा?

हिशेबनीस:
29 ऑक्टोबर 2024 पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत 70 पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न बघता, या कार्डावर वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात. हप्ता नाही, वेटिंग पिरियड नाही, जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात. मग समजा दोघा ज्येष्ठांच्या मेडिक्लेमला वर्षाला 70 हजार जात असतील, तर ते कशाला भरायचे? माझं मत स्पष्ट आहे: पॉलिसी सोडा, ते पैसे एफडीत टाका. ओपीडी (दाखल न होता घेतलेले उपचार) आणि रोजच्या गोळ्या कार्डात बसत नाहीत, तो खर्च त्यातून निघेल.

निशिगंधा:
अजिबात पटलं नाही. 5 लाख माणशी नाहीत. नवरा-बायको दोघेही सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून 5 लाख. (कुटुंब आधीपासून योजनेत असेल तर ज्येष्ठांसाठी वेगळे 5 लाख असतात, घरातल्या तरुणांशी ते वाटून घ्यावे लागत नाहीत.)

शिवाय कार्ड फक्त पॅनलवरच्या, म्हणजे योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात चालतं, आणि मान्यता विभागवार असते. हृदयरोगासाठी घेतील, पण त्याच इमारतीत खुब्याच्या हाडासाठी नाही म्हणतील. म्हणून योजनेच्या पोर्टलवर रुग्णालय शोधताना नुसता जिल्हा टाकून थांबू नका, स्पेशालिटीही निवडा. पॅनलबाहेर बिल भरून मग परतावा मागायचा, ही सोयच इथे नाही.

हिशेबनीस:
पण डायलिसिस, केमो असे पुन्हा पुन्हा लागणारे उपचार कार्डावर होतात. दाखल होण्याआधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस औषधं-तपासण्याही धरल्या आहेत. म्हातारपणी मोठा खर्च तिथेच होतो.

वाटाड्या:
मधला रस्ता आहे. 5 लाख डिडक्टिबलचा सुपर टॉप-अप घ्या, म्हणजे वर्षातले पहिले 5 लाख आपण सोसायचे आणि त्यावरचं बिल विमा देतो अशी पॉलिसी. हप्ता बराच कमी, खालचे 5 लाख कार्ड सांभाळेल.

निशिगंधा:
वाटाड्या, ही बेरीज कागदावरच जुळते. पॅनलबाहेरच्या रुग्णालयात 7 लाख बिल झालं तर कार्ड तिथे चालतच नाही. डिडक्टिबलचे 5 लाख खिशातून जातील, टॉप-अप वरचे 2 लाख देईल.

आणि पॉलिसी एकदा तुटली, हप्ता भरायची 30 दिवसांची सवलतही उलटली, की सत्तरीत नवी मिळवणं फार अवघड. वैद्यकीय तपासणी आली, जुन्या आजारांना पुन्हा 3 वर्षांपर्यंत थांबणं आलं, कंपनी नकारही देऊ शकते. उलट चालू पॉलिसीचा जाच थोडा कमी झालाय. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी आयआरडीएआय या विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही.

उमा_ज:
तुम्ही सगळेच कार्ड हातात आहे असं धरून बोलताय. आधी ते काढा. आयुष्मान ॲप किंवा पोर्टल, कागद एकच: आधार. वय आधारवरून धरतात, त्यामुळे जन्मतारीख चुकली असेल तर आधी आधार दुरुस्त करा. मोबाइल आधारशी जोडलेला असेल तर ओटीपीने काम होतं. नसेल तर बोटांचे ठसे, आणि या वयात ते झिजलेले असतात, मशीन घेतच नाही. तिथे अडून बसू नका, चेहऱ्याने पडताळणी करून मागा. हे सगळं तब्येत धड असताना करायचं, आयसीयूच्या दारात नव्हे. अडलं तर हेल्पलाइन 14555.

सीजीएचएस (केंद्रीय कर्मचाऱ्यांची आरोग्य योजना) किंवा ईसीएचएस (माजी सैनिकांची) असेल तर ती किंवा हे कार्ड, एकच निवडावं लागतं. खासगी पॉलिसी किंवा ईएसआय (कामगार विमा) असेल तर ही अट नाही.

हिशेबनीस:
टॉप-अपचा मुद्दा मान्य. पण ज्यांची पेन्शनच 15 हजार आहे, त्यांना हप्ता भरा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

निशिगंधा:
त्यांनी नूतनीकरणाच्या वेळी विम्याची रक्कम कमी करून मागावी किंवा को-पे (बिलाचा ठरलेला हिस्सा आपण भरायचा) घ्यावा. हप्ता उतरतो, जुन्या आजारांचं संरक्षण तुटत नाही. तेही झेपत नसेल तर सोडा, पण आधी आपल्या जिल्ह्यात हृदय, हाडं, किडनी आणि कॅन्सर या चारही विभागांना पॅनलवर कोण आहे ते बघा, त्या रुग्णालयांतल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) प्रत्यक्ष विचारा, आणि मगच.