मदत हवी आहे: मेलबर्नमधे ब्लॉक (म्हणजे प्लॉट) आणि घराच्या साइजचं गणित

नमस्कार मंडळी, मेलबर्नला टार्नीट साइडला घर बांधायचं चाललंय, हाऊस अँड लँड पॅकेज, म्हणजे प्लॉट आणि घर एकत्रच. ब्लॉक 400 चौरस मीटर, 12.5 बाय 32, म्हणजे साधारण 4300 स्क्वेअर फूट, आपले जवळजवळ चार गुंठे, इथपर्यंत हिशेब लागला. पण बिल्डर घर सांगतोय 24 स्क्वेअर्स, एक स्क्वेअर म्हणजे 100 स्क्वेअर फूट धरून 2400 झाले, बाबा फोनवर खूश, पण प्लॅन नीट बघितला तर त्यात डबल गॅरेज, पोर्च, मागचा छपराखालचा ओटा सगळंच धरलंय, नुसतं गॅरेज 6 बाय 6 मीटर म्हणजे जवळपास चार स्क्वेअर्स तिथेच गेले!

आपल्याकडे रेरामुळे कार्पेट एरिया वेगळा लिहून मिळतो, तसं इथे कॉन्ट्रॅक्टमधे मागितलं तर देतात का? भिंतींची जाडी पण एरियात मोजतात का? आणि मागच्या कुंपणालगत 2 मीटरचं ईझमेंट (लाइनसाठी राखीव पट्टा) दाखवलंय, ड्रेनेजची लाइन जाते खालून, तिथे परवानगीशिवाय बांधता येत नाही हे कळलं, पण छोटी शेड किंवा तुळशीवृंदावन चालतं का?

आई-बाबा कायमचे येणारेत राहायला, त्यांना खालीच मोठी बेडरूम हवी, त्यामुळे नक्की अंदाज आल्याशिवाय डिपॉझिट भरायचं नाहीये. ज्यांनी तिकडे बांधलंय त्यांनी प्लीज सांगा.