शेपफाइल ऑटोकॅडमध्ये आणल्यावर फक्त पूर्व-पश्चिम अंतरेच का चुकतात?

आराखडेकार
नमस्कार. एका जागेचा मांडणी-आराखडा करण्यासाठी मला रस्ते, इमारतींच्या बाह्यरेषा आणि समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या) अशा तीन शेपफाइल, म्हणजे नकाशाची माहिती साठवणाऱ्या फाइल, मिळाल्या आहेत. साध्या ऑटोकॅडला शेपफाइल थेट वाचता येत नाही, म्हणून मी त्या क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या, डीएक्सएफ (ऑटोकॅडला वाचता येणारा फाइल-प्रकार) म्हणून साठवल्या आणि त्या डीएक्सएफ ऑटोकॅडमध्ये उघडल्या. सुरुवातीला पडदा कोराच दिसला. झूम एक्स्टेंट्स (सगळे ड्रॉइंग पडद्यावर बसवणे) केल्यावर लक्षात आले की सगळे ड्रॉइंग मिळून जेमतेम ०.०३ युनिट रुंद आहे. एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, या हिशेबाने मी ते १,११,००० पटीने मोठे केले. जागेवर टेपने २४० मीटर भरलेली उत्तर-दक्षिण भिंत त्यानंतर ड्रॉइंगमध्येही २४० भरते, पण १८० मीटरची पूर्व-पश्चिम भिंत मात्र २०७ दाखवते, आणि तिरक्या बसलेल्या इमारतींचे काटकोन मोडलेले दिसतात. सगळ्याचा ब्लॉक (एकच गट) करून तो एक्स दिशेने ०.८७ पट दाबला, तर चालेल का? शिवाय समोच्च रेषा सगळ्या शून्य उंचीवर सपाट आल्या आहेत, तेही कोणी सांगितले तर बरे होईल.

ओळंबा
दाबू नका. आपली फाइल डब्ल्यूजीएस ८४ या अक्षांश-रेखांशांच्या प्रणालीत (यादीतला क्रमांक ईपीएसजी ४३२६) अंशांत आहे आणि ऑटोकॅडला अंश ठाऊक नाहीत. रेखांशाचा आकडा तो एक्स समजतो, अक्षांशाचा वाय, आणि दोन्ही दिशांचे एक युनिट सारखेच धरतो. प्रत्यक्षात अक्षांशाचा एक अंश सगळीकडे जवळपास १११ किलोमीटरच असतो, पण रेखावृत्ते ध्रुवाकडे एकत्र येत असल्यामुळे रेखांशाचा अंश अक्षांशाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) प्रमाणात आखूड होत जातो. आपल्या १८० ला २०७ ने भागले तर ०.८७ येते आणि ३० अंशांची कोज्या ०.८६६ आहे, तेव्हा आपली जागा ३० अक्षांशाच्या आसपास असावी. (उत्तर की दक्षिण, ते चुकीवरून ओळखता येत नाही.) तिथे रेखांशाचा अंश सुमारे ९६.५ किलोमीटरचा असतो. ०.८७ ने दाबल्यावर आज काम भागल्यासारखे वाटेल, पण तो आकडा टेपच्या मापावरून काढलेला अंदाज आहे, आणि उद्या दुसऱ्या कोणाची योग्य निर्देशकांतली फाइल आपल्या ड्रॉइंगला जोडायची वेळ आली की ती कुठेच बसणार नाही.

प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याची पद्धत, क्यूजीआयएसमध्येच बदलून घ्या. जागेसाठी ठरलेली स्थानिक निर्देशक प्रणाली असेल तर तीच घ्यावी, नसेल तर यूटीएम, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मापणारी प्रणाली. यूटीएमचे पट्टे ६ अंशांचे असून एकूण ६० आहेत; पूर्व रेखांश धन आणि पश्चिम ऋण धरून त्यात १८० मिळवावेत, बेरजेला ६ ने भागावे आणि भागाकाराच्या पूर्णांकात १ मिळवावा, म्हणजे पट्ट्याचा क्रमांक मिळतो. गोलार्धही नीट निवडा. एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण इथे बहुतेक जण अडखळतात: लेअरची निर्देशक प्रणाली 'सेट' केल्याने फक्त पाटी बदलते, आतले आकडे तेच राहतात. आकडे बदलायचे असतील तर लेअर नव्या प्रणालीत निर्यात करावा लागतो. आणि त्याआधी शेपफाइलसोबत पीआरजे (निर्देशक प्रणाली नोंदवणारी) फाइल आली आहे ना, ते पाहा; ती नसेल तर मूळ प्रणाली कोणती, हे देणाऱ्यालाच विचारलेले बरे.

आराखडेकार
आभारी आहे. पीआरजे होती आणि तिच्यात डब्ल्यूजीएस ८४ च लिहिलेले आहे. निर्यात करून पाहिली. आता आकार अगदी बरोबर आला, काटकोनही जुळले, पण दोन्ही भिंती लांब भरत आहेत: २४० ची २७७ आणि १८० ची २०८. निर्यातीच्या खिडकीत 'प्रोजेक्टची प्रणाली' हा पर्याय होता, तो मी घेतला होता.

ओळंबा
मग आपण पार्श्वभूमीला ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा आधी लावला असणार. त्यामुळे प्रोजेक्टची प्रणाली वेब मर्केटर, म्हणजे ईपीएसजी ३८५७ झाली. तिचे एकक मीटर असले तरी ते मापनासाठी नाही: अक्षांश वाढेल तशी लांबी दोन्ही दिशांना सारखीच फुगते, म्हणून आकार बरोबर दिसतो आणि माप चुकते. ३० अंशांवर ती १.१५५ पट होते, ६० अंशांवर दुप्पट. आधीची चूक डोळ्यांना दिसत होती. ही दिसत नाही, म्हणून मला ही जास्त धोक्याची वाटते. प्रणालीच्या यादीतून यूटीएमचा पट्टा स्वतः निवडून पुन्हा निर्यात करा.

समोच्चरेषा
उंचीबद्दल लिहितो. शेपफाइलमधल्या समोच्च रेषांची उंची बहुधा भूमितीत नसते, ती सोबतच्या डीबीएफ या माहितीच्या तक्त्यातल्या एका स्तंभात असते, आणि डीएक्सएफमध्ये तो तक्ता जातच नाही. क्यूजीआयएसच्या प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये 'सेट झेड व्हॅल्यू' आहे. तिथे एकच आकडा न देता तो स्तंभ जोडावा, म्हणजे प्रत्येक रेषा आपापल्या उंचीवर चढते. आज्ञावलीची सवय असेल तर ओजीआरटूओजीआर या फाइल-रूपांतराच्या साधनात '-झेडफील्ड' हा पर्याय हेच काम करतो. रस्त्यांचे प्रकारही याच कारणाने हरवतात. त्यासाठी प्रोजेक्ट डीएक्सएफमध्ये निर्यात करताना कोणत्या स्तंभावरून ऑटोकॅडच्या लेअरची नावे घ्यायची ते ठरवता येते; मात्र त्याच खिडकीत द्विमिती सक्तीचा पर्याय आहे, त्यावर खूण राहिली तर चढवलेली उंची पुन्हा जाते. ऑटोकॅड मॅप थ्रीडी किंवा सिव्हिल थ्रीडी हाताशी असेल तर हा सगळा वळसा टळतो, कारण तिथली मॅपइम्पोर्ट आज्ञा शेपफाइल सरळ वाचते आणि तक्त्यातली माहितीही ऑब्जेक्ट डेटा म्हणून सोबत आणते.

आराखडेकार
यूटीएममध्ये भिंत २३९.९ भरली, समोच्च रेषाही उंचीवर आल्या. आता दोनच शंका उरल्या: ते १० सेंटिमीटर कुठे गेले, आणि हॅच (भागात भरलेली रेघांची नक्षी) तुटक का दिसते?

ओळंबा
१० सेंटिमीटर टेपचे नाहीत. यूटीएममध्ये पट्ट्याच्या मध्य रेखावृत्तावर ०.९९९६ हा गुणक मुद्दाम ठेवलेला आहे, म्हणजे तिथे एका किलोमीटरमागे ४० सेंटिमीटर कमी भरतात. मध्य रेखावृत्तापासून सुमारे १८० किलोमीटरवर गुणक १ होतो आणि त्यापलीकडे वाढतो. मांडणीच्या आराखड्याला हा फरक चालेल, पण ड्रॉइंगवरून जागेवर आखणी करायची असेल तर सर्वेक्षकाशी बोलून गुणक ठरवून घ्या.

हॅचचे कारण मोठे आकडे. ऑटोकॅड निर्देशक ६४ बिटांत साठवतो, पण पडद्यावर चित्र उमटवण्याचे काम अनेकदा ३२ बिटांत होते, आणि जागा उत्तर गोलार्धात असेल तर आपल्या अक्षांशाला वायची किंमत ३३ लाख मीटरच्या घरात जाते. ३२ बिटांत त्या आकड्याजवळच्या दोन लगतच्या किमतींमध्येच पाव मीटरचे अंतर असते. ड्रॉइंग शून्याजवळ सरकवणे हा रूढ उपाय आहे. तो करणार असाल तर सरकवण्याचे आकडे पूर्ण हजारांत घ्या आणि ड्रॉइंगमध्येच मजकूर म्हणून लिहून ठेवा. इतरांच्या फाइल एक्सरेफ (बाहेरून जोडलेले ड्रॉइंग) म्हणून जोडायच्या असतील तर मी मूळ निर्देशक हलवत नाही, जागेजवळ यूसीएस (आपण ठरवलेली निर्देशक-चौकट) ठेवतो आणि हॅचचा आरंभबिंदू तिथे देतो. ड्रॉइंगचे एकक ठरवणारे इन्सयुनिट्सही ६, म्हणजे मीटर, करून घ्या. ते मिलिमीटरवर राहिले तर मीटरच्या ड्रॉइंगमध्ये जोडताना सगळे हजार पटीने लहान होऊन येईल.