वणव्यानंतर डोंगरावरच्या मातीचं नक्की काय होतं? पावसाआधी काही करता येईल का?

रानवाट_भोर
नमस्कार मंडळी. आमचं गाव भोर तालुक्यात. मार्चमध्ये गावामागच्या डोंगराला वणवा लागला, कुणीतरी बांध पेटवला, दुपारचं वारं होतं, बघता बघता आग वर चढली. पाच वर्षं कावडीने पाणी घालून जगवलेली झाडं होरपळली ते दुःख आहेच, पण माझा प्रश्न मातीचा आहे. गावातली जाणती माणसंसुद्धा म्हणतात जळलं की गवत जोमाने येतं, राख म्हणजे खतच की. काल वर जाऊन आलो. गवताच्या पट्ट्यात बोटभर उकरलं तर खाली माती नेहमीसारखी, मुळं जिवंत. पण एक वठलेला आंबा आडवा पडला होता तो आख्खा जळून गेलाय, त्याच्या खालची माती विटेसारखी लाल आणि वर पांढरी राख. असं का?

माती_आणि_मी
दादा, तुम्ही बघितलंत त्यातच निम्मं उत्तर आहे. गवताची आग धावती असते आणि माती उष्णता आत लवकर जाऊ देत नाही, त्यामुळे दोन-तीन सेंटीमीटरखाली फारसं काही होत नाही. ओंडका मात्र तासन्‌तास धुमसतो, तिथे मातीतला सगळा कुजलेला पाला जळतो आणि लोह भाजून लाल होतं. काळी राख म्हणजे आग हलकी होती, पांढरी म्हणजे काहीच उरलं नाही.

राखेत पोटॅश, कॅल्शियम असतं, मातीचा सामू (pH) थोडा वाढतो, म्हणून पहिलं गवत हिरवंगार दिसतं. पण हे काही नवं खत नाही, पाल्यात होतं तेच एकदम मोकळं झालं. आणि नत्र 200 अंशाच्या पुढे वायू होऊन उडायला लागतो, तो गेलाच. दरवर्षी जाळलं की दरवर्षी जातो.

खरा घोळ ऋतूचा आहे. आपल्याकडे झाडं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत पानं टाकतात, तो पाला जूनपर्यंत जमिनीवर गोधडीसारखा पडून असतो आणि पावसात कुजतो. वणवा नेमकी ती गोधडी जाळतो आणि पुढ्यात मृगाचा पाऊस. उघड्या मातीवर थेंब आपटतात, बारीक कण आणि राख छिद्रांत बसते, पाणी मुरायचं सोडून वाहायला लागतं. माती आगीने जेवढी जात नाही तेवढी त्या पहिल्या चार सरींनी जाते.

एक करून बघा. राख हाताने बाजूला सारा आणि मातीवर चमचाभर पाणी टाका.

रोह्याची_लेक
राखेबद्दल थोडं. आमच्याकडे भाताच्या रोपासाठी राब भाजायचे, आजोबा पाला, शेण, गवत थरावर थर लावायचे. पण तो वाफा सपाट, बांध घातलेला, राख जागच्या जागी मुरायची. त्यावरून लोकांनी आख्ख्या डोंगराचं गणित मांडलं. डोंगराला बांध कुठाय?

धारणीकर
आमच्या मेळघाटात मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात आणि आग पसरते. पोट भरायला करतात, नुसतं रागावून उपयोग नाही, झाडून गोळा केला तरी काम होतं हे सोबत बसून सांगावं लागतं. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच मोकळे केलेले पट्टे, 15 फेब्रुवारीच्या आत काढून ठेवायच्या, त्यानंतर आगीचा हंगाम. आग दिसली की 1926 ला फोन करा, वनविभागाची हेल्पलाईन आहे.

दादा, होरपळलेली झाडं तोडू नका हं. ऐन, धावडा बुंध्यापासून परत फुटतात, आणि मेलेल्या झाडाची मुळंसुद्धा माती धरून ठेवतात. जळक्या फांद्या उताराला आडव्या टाका, दगड लावून अडकवा. वरून वाळलेलं गवत पसरा. आणि यंदा तेवढ्या भागात गुरं सोडू नका, कोवळं गवत बघून सगळे तिकडेच वळतात आणि खुरांनी भुसभुशीत माती खाली घसरते.

रानवाट_भोर
ताई, दादा, मनापासून आभार. आज पाणी टाकून बघितलं. गवताच्या पट्ट्यात लगेच जिरलं. आंब्याच्या जागेच्या कडेला मात्र अळवाच्या पानावर राहतो तसा थेंब गोल होऊन राहिला, मी मिनिटभर बघत बसलो, मग घरंगळून गेला. असं का होतं?

माती_आणि_मी
पाल्यातला मेणासारखा पदार्थ आगीत वाफ होऊन खाली उतरतो आणि थंड मातीच्या कणांवर बसतो, म्हणून पाणी शिरत नाही. तेवढा थर खुरप्याने हलका मोडा, खोल खणू नका, आणि त्यावर पाला टाका.

रानवाट_भोर
रविवारी दहा-बारा जण जातोय. ओढ्याच्या वरच्या अंगापासून सुरुवात करतो, कारण गावचा झरा त्याच्या बरोब्बर खाली आहे.