प्लगिनमधील सिंटॅक्स वॉर्निंग : आपण त्या कशा दुरुस्त केल्या?

उबुंटू 24.04 या संगणक प्रणालीसोबत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची 3.12 आवृत्ती आली आणि जीएडिट या मजकूर-संपादकाचे प्लगिन (जोड-स्क्रिप्ट) बसवताना टर्मिनलवर ‘इनव्हॅलिड एस्केप सीक्वेन्स’ (बॅकस्लॅश ‘\’ या चिन्हानंतर पायथनला अनोळखी अक्षर) अशा ओळी उमटू लागल्या. सूचना पायथन 3.6 पासूनच होती, परंतु तेव्हा ती सहसा नजरेस पडत नसे. ज्यांनी अशा स्क्रिप्ट हाताने दुरुस्त केल्या आहेत, त्यांनी आपले अनुभव लिहावेत.

दारव्हा तालुक्यातून : मी जिनिंगमध्ये कापसाच्या काटापावत्यांचा हिशेब पाहतो. मजकुरातील चार अंकी पावती क्रमांक शोधून देणारे एक प्लगिन मी स्वतः लिहिले होते, पण त्याला एकही क्रमांक कधी सापडला नाही, आणि हंगामाच्या गर्दीत मी तो नाद सोडून दिला. नव्या पायथनने त्याच ओळीवर बोट ठेवले. तक्रार होती शोध-नमुन्यात अंकासाठी लिहिलेल्या बॅकस्लॅश-डीची, जी साध्या अवतरणात पायथनला परिचित नाही. खरा दोष मात्र शेजारच्या बॅकस्लॅश-बीमध्ये होता. माझ्या मते ती शब्दाची सीमा होती, तर साध्या अवतरणात पायथन तिचा अर्थ ‘बॅकस्पेस’ असा घेते आणि त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अवतरणाआधी एक ‘आर’ (r) लिहिला, म्हणजे आतला बॅकस्लॅश जसाच्या तसा राहतो; सूचना गेली आणि क्रमांकही सापडू लागले.

आर्वीहून : दारव्ह्याच्या भाऊंचा ‘आर’ वाचून कोणी माझ्यासारखी घाई करू नये. मी शोधा-आणि-बदला वापरून सगळ्याच अवतरणांना तो लावला. परिणामी जिथे नवी ओळ सुरू व्हायला हवी होती तिथे बॅकस्लॅश-एन ही अक्षरेच छापली गेली आणि तुरीच्या भावांची यादी एका लांबच लांब ओळीत आली. वीज जाण्यापूर्वी मूळ प्रत पेनड्राइव्हवर घेतली होती, म्हणून निभावले.

लाखनीहून : माझी सूचना वेगळी होती: शून्याशी तुलना करताना ‘इज’ (is) वापरले होते, त्याजागी दोन बरोबरची चिन्हे (==) केली. दुसऱ्या वेळी सूचना दिसली नाही म्हणून ती मिटली असे समजू नका. पायथन स्क्रिप्टची संकलित प्रत जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच वाचते, म्हणून सूचना पुन्हा येत नाही. आणि दुरुस्ती घरच्या फोल्डरमधील प्रतीतच करावी, कारण सिस्टिमच्या फोल्डरमधील माझे बदल पुढच्या अपडेटने पुसून टाकले.